आतड्याची तपासणी, दादाच्या देखरेखीखाली

आमच्या घरात सकाळी पहिली चौकशी पोटाची व्हायची, चहाची नंतर. वडील अंगणात दात घासता घासता समोरून जाईल त्याला विचारायचे, "झालं का साफ?" झालं म्हणणाऱ्याला चहा, नाही म्हणणाऱ्याला आधी तांब्याभर गरम पाणी आणि वर एरंडेलाची धमकी. पाहुण्यांनाही सूट नव्हती. माझं लग्न झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी वडिलांनी माझ्या बायकोला तोच प्रश्न विचारला आणि ती बिचारी परत खोलीत जाऊन बसली. सांगलीजवळच्या त्या घरात वाढलेला माणूस पुढे आपल्या आतड्याबद्दल बोलायला लाजेल, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आणि तरी माझा मोठा भाऊ लाजला. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, शाळेचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला. शौचाला रक्त पडत होतं, ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. मूळव्याध असणार असं स्वतःच ठरवलं, स्वतःच दुकानातून चूर्ण आणलं आणि गुपचूप घेत राहिला. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा वहिनीने त्याला ओढून दवाखान्यात नेलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. मिरजेला ऑपरेशन झालं, काही महिने पोटाला शौचाची पिशवी लावलेली होती, मग ती गेली, पुढे औषधांच्या फेऱ्या झाल्या. त्यातून तो बाहेर आला. पण तिथल्या डॉक्टरांनी त्याला एक गोष्ट बजावून सांगितली. आईवडील, भाऊबहीण किंवा मूल, यांपैकी कुणाला हा आजार झाला असेल तर बाकीच्यांनी चाळिशीलाच दुर्बिणीने आतडं तपासून घ्यायचं. घरातल्याला फार लवकर झाला असेल तर त्याच्या त्या वयाच्या दहा वर्षं आधीच. काही त्रास होत नसला तरी.

दादाने मला फोन केला. "तुझं वय किती?"

"एकोणसाठ. तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे. तुला माहीत आहे का, ते बघत होतो. तारीख घे."

मी तीस वर्षं हवाई दलात काढली. विमानांची देखभाल हे माझं काम. बायको मोहालीला सेक्टर ६७ मधल्या संस्थेत औषधशास्त्र शिकवते, म्हणून निवृत्तीनंतर आम्ही इथेच राहिलो, शेजारी चंदिगडच्या मनीमाजऱ्यात फ्लॅट घेतला. विमान उडण्याआधी करायच्या तपासणीचा कागद असतो. त्यातली एकेक ओळ वाचायची, ती गोष्ट बघायची, खूण करायची आणि मगच पुढची ओळ. आपल्याला सगळं पाठ आहे म्हणून ओळ गाळणाऱ्या पोरांना मी फार बोललो आहे, त्यातले काही अजून मला दचकून नमस्कार करतात. हे सांगायचं कारण पुढे येईल.

दवाखान्यातून मला तयारीचा कागद मिळाला. शिवाय तिथली नर्स, गोड पंजाबी मुलगी, तोंडीही समजावून सांगत होती. "अंकल जी, दो दिन हल्का खाना. और कल तो व्रत ही समझ लो."

व्रत म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. उपवास तर लहानपणापासून करत आलो आहे, त्यात कागद काय वाचायचा? मी थेट पावडर पाण्यात कशी कालवायची त्या परिच्छेदावर गेलो. तो मात्र चार वेळा वाचला, घड्याळ लावलं, दोन लिटरची बाटली मापून ठेवली. बायकोची त्या दिवशी परीक्षेची ड्यूटी होती, ती सकाळीच मोहालीला गेली. घरी मी एकटा आणि माझा उपवास.

मी तो यथासांग केला. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट सढळ हाताने घालून. दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी. चारला रताळ्याचा कीस. संध्याकाळपासून पावडरीचं पाणी प्यायलो, ठरल्या मिनिटाला एकेक पेला, खाऱ्या लिंबू सरबतात कुणीतरी साबण धुतल्यासारखी चव. बाथरूमच्या फेऱ्या झाल्या. मला वाटलं, एवढं काटेकोर काम या दवाखान्यात आजवर कुणी केलं नसेल.

दुसऱ्या दिवशी गुंगी उतरली तेव्हा तरुण सरदार डॉक्टर माझ्या पायाशी उभे होते. चेहऱ्यावर राग नव्हता, कुतूहल होतं.

"अंकल जी, कल खाया क्या था?"

"कुछ नहीं. व्रत था."

"व्रत में क्या खाया?"

मी सगळा बेत हिंदीत सांगितला. नर्स तोंडावर हात धरून बाहेर गेली. डॉक्टर म्हणाले, "मेरी बीजी, मेरी माँ, व्रत में एक सेब खाती हैं, शाम को. आप तो पार्टी करके आए हो! अंदर मूंगफली ही मूंगफली है. कैमरा कहाँ ले जाऊँ?"

नर्सने व्रत म्हणताना तिच्या घरचं व्रत डोळ्यांपुढे ठेवलं होतं आणि मी माझ्या घरचं. आमच्या उपवासाला रोजच्यापेक्षा चार पदार्थ जास्त असतात, हे तिला बिचारीला कुठून ठाऊक असणार? आतड्याच्या भिंतीवर कुठे लहानशी गाठ वाढते आहे का, हे बघण्यासाठी भिंत स्वच्छ दिसावी लागते. माझ्या भिंतीला दाण्याच्या कुटाचा गिलावा होता. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करावं लागेल, असं सांगून त्यांनी मला घरी पाठवलं.

बायकोने गाडीत बसल्यावर एकच विचारलं. "अहो, कागद वाचलात ना?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिने पर्समधून तो कागद काढला आणि मोठ्याने वाचला. दाणे नको, बिया नको, साली नको, आदल्या दिवशी फक्त पातळ आणि आरपार दिसणारं. मराठी माणसाच्या उपवासाचं नाव घेतलं नव्हतं एवढंच. मी ज्या पोरांना बोललो होतो ती सगळी त्या क्षणी मागच्या सीटवर बसून हसत आहेत असं मला वाटलं.

हा झाला विनोद. खरी गोष्ट अशी, की त्या दिवशी मला आतून हायसं वाटलं होतं. त्या टेबलावर कुशीवर झोपलो तेव्हा दादाचा ऑपरेशननंतरचा चेहरा डोळ्यांसमोर होता. माझ्यातही तेच निघालं तर? आणि मग शेंगदाणे मदतीला आले. काही दिसलं नाही, म्हणजे काही नाही. एकोणसाठ वर्षांच्या, सेवेत पदकं मिळवलेल्या माणसाचं हे तर्कशास्त्र.

दादाचा संध्याकाळी फोन आला. "झाली तपासणी?"

"झाली."

"काय दिसलं?"

"काही नाही."

यात एकही शब्द खोटा नव्हता आणि मी धडधडीत खोटं बोललो होतो. दादा पलीकडून म्हणाला, "सुटलो रे बाबा," आणि त्याचा आवाज एवढा हलका झाला की मला फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही.

तीन आठवडे गेले, चार गेले. दवाखान्यातून आठवण करून द्यायला फोन आला की मी म्हणायचो, जरा या आठवड्यात गडबड आहे. निवृत्त माणसाला कसली गडबड? बायकोने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. ती गप्प झाली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. तिने सरळ दादाला फोन करून सगळं सांगून टाकलं, शेंगदाण्यांसकट.

दादा मला फोनवर एक अक्षर बोलला नाही. आठवड्याभरात तोच चंदिगडला आला. मिरजेहून दिल्ली, दिल्लीहून इथे, औषधांनी निम्मा झालेला माणूस, वहिनीच्या नाकावर टिच्चून. फेब्रुवारीचं मऊ ऊन होतं, तरी तो कानटोपी घालूनच गाडीतून उतरला. मी वाकून नमस्कार केला, तर त्याने पाठीत एक ठेवून दिली.

"खोटं बोलायला शिकलास व्हय रे?"

"दादा, मी म्हटलं काही दिसलं नाही. खरंच नव्हतं दिसलं."

"गप बस. बारक्या, तुला मी पाढे शिकवल्यात. मला नको शिकवू."

इतकी वर्षं तो येताना शेंगदाण्याची चटणी आणायचा. या खेपेला नव्हती. घरी आल्यावर पाय धुवायच्या आधी तो स्वयंपाकघरात शिरला, दाण्यांचे दोन्ही डबे काढले आणि समोरच्या शर्मा-वर्मा कोण असतील त्यांना देऊन ये म्हणाला. समोरच्या भाभीजींनी ते आनंदाने ठेवून घेतले आणि आमच्याकडे काय चाललं आहे हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही. मग दादाने चष्मा लावून तयारीचा कागद वाचला. एकेक ओळ, बोट ठेवून. माझ्या बायकोने शेजारी बसून इंग्रजीचं मराठी करून दिलं आणि दोघांनी मिळून माझ्यासाठी चार दिवसांचा बेत ठरवला. मला कुणी काही विचारलं नाही.

पहिले दोन दिवस दहीभात, पांढरा पाव, मऊ वरण गाळून. दादा स्वतः बाजारात जायचा. मनीमाजऱ्याच्या बाजारात त्याची हिंदी ऐकायला मी मुद्दाम सोबत जायचो. "हमको आरपार दिखना चाहिए, ऐसा ज्यूस देव. लाल नको, लाल चलता नही." लाल रंगाचं काही प्यायलं तर आत ते रक्तासारखं दिसतं, म्हणून ते बंद. दुकानदाराने सफरचंदाच्या रसाची बाटली उजेडात धरली. "देखो जी, पक्का आरपार." दादाने तिच्यातून दुकानदाराचा चेहरा बघितला आणि मगच पिशवीत टाकली. सहा शहाळी घेतली. मुख्याध्यापक असताना सहलीची तयारीही तो अशीच करायचा.

तपासणीच्या आदल्या दिवशी खरंच पोटात पातळाशिवाय काही गेलं नाही. दुपारी चार वाजता मला एवढी भूक लागली की कॅलेंडरवरच्या गणपतीच्या हातातल्या मोदकाकडे बघवेना. दादाने मला शहाळ्याचं पाणी दिलं आणि माझ्यासमोर स्वतःही तेच प्यायला. दिवसभर त्यानेही काही खाल्लं नाही. त्याच्या तब्येतीला हे बरं नाही म्हणून बायको रागावली, तर म्हणाला, "एक दिवसानं काय होतंय? आता पोटाला माझी भीती वाटत्या."

पाच वाजता पावडरीचं पाणी सुरू झालं. बाथरूमच्या दाराबाहेर दादाने खुर्ची टाकली आणि ठाण मांडलं. मी आत गेलो की तो बाहेरून आवाज द्यायचा.

"रंग सांग!"

"पिवळा, गढूळ."

"पुढचा पेला घे."

पुन्हा अर्ध्या तासाने, "रंग सांग!"

"पिवळा. बरा आहे. कण आहेत थोडे."

"कण? कसले कण? काय खाल्लंस चोरून?"

"दादा, आईशप्पथ काही नाही!"

माझी बायको बाहेरच्या खोलीत पेपर तपासत बसली होती. तिचं हसू मला आतपर्यंत ऐकू येत होतं. वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण त्या संध्याकाळी मला राहून राहून वाटलं, ते असते तर त्यांना केवढा आनंद झाला असता! आपल्या दोन्ही मुलांना शेवटी महत्त्वाच्या विषयावर बोलताना बघून.

असं दोन तास चाललं. मग मी आत असतानाच दादाचा आवाज बदलला. रंग विचारला नाही.

"बारक्या, मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा दिवाळी होती."

मी आतला नळ बंद केला.

"पाडव्याचा दिवस. सगळी आलेली, पोरं, सुना. मी बघितलं. लाल. दोन मिनटं बघत उभा राहिलो. मग पाणी सोडलं आणि येऊन फराळाला बसलो. चकली खाल्ली. कुणीतरी काहीतरी बोललं, हसलोसुद्धा."

"वहिनीला तरी सांगायचं."

"काय सांगणार? शाळेत एवढ्या पोरांना सांगितलं, शंका असली तर हात वर करा, लाजू नका. आणि मला तोंडातनं शब्द निघंना. रोज वाटायचं, उद्या थांबंल. एखाद्या दिवशी नसायचं, मग मी लई खुशीत. पुन्हा दिसलं की गप्प. वर्ष काढलं असं."

दाराच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. समोरासमोर बसलो असतो तर त्याने हे सांगितलं नसतं आणि मलाही ऐकवलं नसतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुठे बसून आलं याचं मला हसूही आलं.

मी आतून विचारलं, "दादा, मुलाला सांगितलंस का? त्यानेही तपासून घ्यायला पाहिजे. तो चाळीस ओलांडून गेला."

दादाचा मुलगा पुण्याला असतो, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. बापलेक फोनवर तीन वाक्यं बोलतात. कसा आहेस, बरा आहे, आईला देतो.

"सांगायचंय," दादा म्हणाला. "मुलाला असलं कसं सांगायचं, तेच जमंना झालंय. रंग सांग आता."

"लिंबू पाण्यासारखा. स्वच्छ."

"शाब्बास."

दुसऱ्या दिवशी पहाटे उरलेलं पाणी प्यायलो, पुन्हा रंग सांगितला, आणि दहा वाजता दवाखान्यात पोचलो. नर्सने मला ओळखलं. "अंकल जी, इस बार व्रत वाला व्रत?" मी दादाकडे बोट दाखवलं. दादाने तिला हात जोडले आणि म्हणाला, "हम खुद बैठा था दरवाजे पर." तिला काय समजलं देव जाणे, पण तिने त्याला बसायला चांगली खुर्ची दिली.

गुंगी उतरली तेव्हा सरदार डॉक्टर पुन्हा पायाशी उभे होते. या वेळी दादा आणि माझी बायको त्यांच्या दोन्ही बाजूंना होते. डॉक्टर म्हणाले, आतडं आरशासारखं स्वच्छ होतं. उजव्या बाजूला, पार आत, एक छोटी गाठ दिसली, वाटाण्याएवढी. तारेच्या फासात धरून तिथल्या तिथे काढून टाकली, तपासायला पाठवली आहे. मला काही कळलंही नव्हतं. टाका नाही, जखम दिसत नाही, दुपारी मऊ खिचडी खायची परवानगी. मुगाची, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

तो आठवडा काही सोपा गेला नाही. दादा जायला तयार नव्हता, रिपोर्ट घेऊनच जाईन म्हणाला. आम्ही रोज सकाळी तलावावर फिरायला जायचो आणि भलतंच काहीतरी बोलायचो. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी कागद वाचला आणि मान हलवली. कॅन्सर नव्हता. पण गाठ ज्या जातीची होती, ती तशीच राहिली असती तर पुढे काही वर्षांनी तिचा कॅन्सर होऊ शकला असता. आता ती नाही. तीन वर्षांनी पुन्हा एकदा बघू.

माझ्या बायकोने माझा हात एवढा घट्ट दाबला की अंगठी रुतली. मला नाचावंसं वाटत होतं. तेवढ्यात माझं दादाकडे लक्ष गेलं. रिपोर्टला गाठीचा फोटो लावलेला होता, गुलाबी भिंतीवर एक लहानसा उंचवटा. दादा तो चष्म्याजवळ धरून बघत होता.

"डॉक्टर, मेरा भी पहले इतना ही था क्या?"

डॉक्टरांनी फोटोकडे बघितलं. "हाँ जी. कभी तो इतना ही रहा होगा."

"एवढीशीच," दादा मराठीत म्हणाला. "एवढीशीच असणार रे."

मी सुटलो होतो आणि तो समोर बसला होता, पोटावर वीतभर व्रण घेऊन. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो काढला नाही.

घरी आल्यावर दादाने चहासुद्धा घेतला नाही. गॅलरीत जाऊन मुलाला फोन लावला. दार उघडंच होतं.

"हां, मी बोलतोय. आईला काही झालं नाही. मलाच बोलायचंय. तू तुझ्या आतड्याची तपासणी करून घ्यायची. काकानं आत्ता केली, त्याची गाठ निघाली, काढून टाकली, संपला विषय. ऐक. मला रक्त दिसत होतं तेव्हा मी वर्षभर कुणाला बोललो नाही. कामं होती म्हणून नाही. लाजलो. दुसरं काही कारण नव्हतं."

मग तो बराच वेळ नुसता ऐकत उभा राहिला. पलीकडून एवढा वेळ त्याचा मुलगा कधी बोलल्याचं मला आठवत नाही. दादाने कठडा धरला.

"कधीपासनं?" त्याने विचारलं.

वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको म्हणून सांगून टाकतो. पुढच्याच आठवड्यात पुण्याला त्याची तपासणी झाली, आतडं साफ होतं, त्याला झाली होती ती खरोखरची मूळव्याध. पण त्या संध्याकाळी गॅलरीत हे कुणालाच माहीत नव्हतं. दोन महिने त्यालाही रक्त पडत होतं आणि तो पोरगा ते पोटात ठेवून ऑफिसला जात होता, बायकोला न सांगता, आणि आम्हाला वाटत होतं की तो कमी बोलतो.

दादाची माझ्याकडे पाठ होती. त्याचा आवाज अगदी हळू झाला, वर्गातल्या सगळ्यात लहान पोराशी बोलावं तसा.

"बरं केलंस," तो म्हणाला. "बरं केलंस, सांगितलंस."